मधाची प्रत आणि वनाचे हित

यवतमाळ जिल्ह्यातील वनांत उंच झाडांवर आग्या मधमाश्यांची मोहोळे लागतात. सातेरी माशीप्रमाणे ही माशी पेटीत पाळता येत नाही. तिचा मध वनातूनच काढावा लागतो. म्हणून मधाची प्रत काढणाऱ्याच्या हाती असते. मशाल लावून संपूर्ण पोळे तोडले व पिळले, तर अळ्यांचा रस आणि न पिकलेला मध एकत्र होतो. ओलावा 20 टक्क्यांहून अधिक झाला की मध आंबण्याचा संभव वाढतो. भाव पडतो आणि वसाहतही नष्ट होते.

पोळ्यातील मधाचा साठा फांदीलगतच्या वरच्या भागात असतो. धुराने माश्या बाजूस सारून, मेणाच्या झाकणांनी बंद झालेला तेवढाच भाग कापावा. खालचा पिलाव्याचा भाग राखावा. मध न पिळता स्वच्छ फडक्यातून गाळावा. वाचलेल्या माश्या साग व जांभूळ यांच्या फुलोऱ्यावर, तसेच वनालगतच्या तूर व तिळाच्या शेतांत परागीभवनाचे कार्य करीत राहतात.

वनहक्क अधिनियम, 2006 अन्वये मधाचा समावेश गौण वनोपजात होतो. तेव्हा काढणीची ही शिस्त ग्रामसभेने ठरवावी आणि शिक्षकांनी ती विद्यार्थ्यांना समजावून द्यावी. त्यात संग्राहकाची मिळकत व वनाचे पुनरुज्जीवन, दोन्ही सुरक्षित आहेत.