व्हिसा मिळेल गं, दिवसाचं काय?

अण्णा पोस्टातून निवृत्त झाले. मुलगा श्टुटगार्टला असतो. ते आणि काकू तिकडे जाऊन-येऊन असतात, त्यामुळे ज्यांची मुलं परदेशात आहेत असे आमच्या भागातले आईबाप कागदांची पिशवी घेऊन अण्णांच्याच ओट्यावर येतात. मीनल म्युनिकहून २०२६ च्या जानेवारीत सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेला आली होती, तेव्हा तीही आली. आईबापांना तिकडे नेण्याचा हा विषय मी माझ्या पद्धतीनं लिहिला असता तर त्याचं परिपत्रक झालं असतं. म्हणून त्या दोघांचं बोलणंच इथं देतो.

मीनल : अण्णा, आई-बाबांना म्युनिकला न्यायचंय. पासपोर्ट आहेत दोघांचे. विम्याचं तेवढं विचारायचं होतं. बाबांना बीपी आहे, साखर आहे...

अण्णा : थांब की. कधी नेणार ते सांग आधी.

मीनल : जुलैत. मला तेव्हा सलग रजा मिळते.

अण्णा : झालं! सगळी पोरं इथंच चुकतात. स्वतःची रजा बघून आईबापाचं तिकीट काढतात. शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाताना सोलापुरात मुक्कामाला येते, तेव्हा तुझा बाप वारकऱ्यांच्या पंगतीत वाढत असतो. एकतरी वर्ष चुकवलंय का त्यानं? २०२६ मध्ये आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. त्याच्या आधी त्याला घरी पोचव. नाहीतर तुझ्या बाल्कनीत बसून तो मोबाईलवर पालखी बघेल आणि चेहरा पाडून बसेल.

मीनल : मग मे-जून?

अण्णा : एप्रिल संपता संपता ने. इथं पारा बेचाळीसच्या पुढं जातो, तेवढं तरी चुकेल. शिवाय यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. धोंड्याचा महिना! तुझी आई जावयाला तेहतीस अनारसे वाढायचं सोडणारे का? जावई तिकडं न् सासू इकडं, असं कसं चालेल?

मीनल : (हसत) ते खरंय. पण विमा...

अण्णा : येतो विम्याकडं. जर्मनीसकट सगळ्या शेंगेन देशांचा नियम आधी डोक्यात घाल. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, आणि उतरलेला दिवस न् निघालेला दिवस दोन्ही त्यात धरतात. लोक काय करतात, तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून पुरे नव्वद ठेवतात. तू तसं करू नकोस. २४ एप्रिलला उतरले आणि ५ जुलैला निघाले तर ७३ दिवस होतात. विमान रद्द झालं, कुणाला ताप आला, तर हाताशी दिवस राहतात. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी तरी करावाच लागतो. निकाल बहुतेक पंधरा दिवसांत येतो, पण ते पंचेचाळीस दिवसही घेऊ शकतात. म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत पुण्याला व्हीएफएसच्या व्हिसा केंद्रात दोघांच्या बोटांचे ठसे दिलेले बरे. फी माणशी ९० युरो. नाकारला तरी परत मिळत नाही.

मीनल : ते मी बघते. कागद कुठले लागतात त्याची यादी काढलीय.

अण्णा : यादी कुणीही काढतं. पासपोर्टवरचं, आधारवरचं न् बँकेतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघितलंस का? आईचं नाव एकीकडं 'बाई' लावून, एकीकडं बिनबाईचं. मी नोकरीत होतो तेव्हापासून बघतोय, नावातल्या एका अक्षरापायी माणसं हेलपाटे घालतात. आणि चूक करणारा टेबलामागचा माणूस कधी हेलपाटा घालत नाही! आता निदान सोलापुरातच पोस्टाच्या इमारतीत पासपोर्टचं केंद्र आहे. आमच्या वेळी...

(इथं अण्णा टपालखात्यातल्या बढत्यांवर घसरले. तो भाग गाळतो.)

मीनल : बरं, आणि ते हमीपत्र? माझी मैत्रीण म्हणाली, मुलांनी दिलं की काम सोपं होतं.

अण्णा : होतं. तुमच्या तिकडच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत मिळतं. पगाराच्या पावत्या आणि घराचा करार दाखवायचा, २९ युरो भरायचे. सहा महिन्यांच्या आत अर्जाला जोडायला लागतं. पण सही करायच्या आधी वाच. आईबापाचा तिथला राहण्याचा खर्च मी करीन, एवढ्यावर ते थांबत नाही. आजारपणात सरकारला काही भरावं लागलं, तर तेही तुझ्याकडून वसूल करता येतं.

मीनल : हेच! म्हणूनच मी मघापासून विचारतेय. बाबांना तिकडं काही झालं तर?

अण्णा : आता ऐक. व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचा विमा लागतो आणि तो सगळ्या शेंगेन देशांत चालायला हवा. इकडच्या कंपनीचा काढ, नाहीतर तू तिकडच्या कंपनीचा पाहुण्यांसाठीचा घे. दोन्हींत 'आधीपासूनचा आजार' हे कलम शोध. बहुतेक पॉलिसी साखरेच्या नेहमीच्या तपासण्या, गोळ्या यांचे पैसे देत नाहीत. जीवावर बेतलं तरच देतात, कधी तेही ठरावीक रकमेपर्यंतच. दातांचं म्हणशील तर फक्त ठणका थांबवण्यापुरतं.

मीनल : म्हणजे विमा असून काही उपयोग नाही?

अण्णा : पाय मोडला, अपेंडिक्स झालं तर आहे. साखरेची काळजी इथंच करून जायची. मार्चमध्ये तीन महिन्यांची सरासरी साखर तपासून घ्या, ईसीजी काढा, दात दाखवा. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, आणि औषधाच्या दुकानातल्या नावाबरोबर त्यातल्या घटकाचंही नाव लिहून घ्या. इथल्या पाकिटावरचं नाव तिथं कुणाला कळत नाही. सगळ्या दिवसांच्या गोळ्या बरोबर न्या, आणि त्या विमानात हातात राहणाऱ्या पिशवीत ठेवा. तिकडं रात्री अंग दुखलं, ताप आला तर ११६११७ ला फोन, डॉक्टर कुठं भेटतील ते सांगतात. छातीत दुखलं तर सरळ ११२.

मीनल : आणि तरीही...

अण्णा : तरीही काय? इथं राहिल्यानं माणूस आजारी पडत नाही का? ते राहू दे. सकाळी आठला तुम्ही दोघं कामावर जाणार, सहाला येणार. मधले दहा तास ते काय करणार, ठरवलंस?

मीनल : टीव्ही आहे, इंटरनेट आहे. शनिवार-रविवारी फिरवीन की.

अण्णा : हां. आमच्या चिरंजीवांनीही असंच ठरवलं होतं. पहिल्या खेपेला मी खिडकीत बसून ट्राम मोजल्या. रविवारी दुकानं बंद. काकूनं शेंगा चटणी करायला खलबत्ता काढला, तर खालची बाई वर आली. तिकडं रविवार शांततेचा, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं! त्या दिवशी मी परतीचं तिकीट बदलायला निघालो होतो.

मीनल : मग नंतर काय केलंत?

अण्णा : दुसऱ्या खेपेला सुनेनं शहाणपणा केला. महिन्याचा पास काढून दिला. आता त्याला ६३ युरो पडतात, जर्मनीभर साध्या गाड्या, बस, ट्राम सगळ्यांत चालतो. फक्त पुढच्या महिन्याला नको असेल तर दहा तारखेच्या आत बंद करायचा. तिनं एकच रस्ता शिकवला. कुठं चढायचं, कितव्या थांब्याला उतरायचं, बाजार कुठं, बाक कुठं. घराचा पत्ता कागदावर लिहून खिशात. चौथ्या दिवशी मी एकटा जाऊन कोथिंबीर घेऊन आलो. तिकडं कोथिंबीर कुंडीसकट मिळते, माहितीये ना? काकूनं ती कुंडी दोन महिने जगवली.

मीनल : आई स्वयंपाकघर ताब्यात घेईलच.

अण्णा : घेऊ दे. तू तवा कुठला ठेवलायस? तुमच्या काचेच्या शेगडीवर जाळ नाही, भाकरी निखाऱ्यावर टाकल्यासारखी शेकता येत नाही. जाड लोखंडी, सपाट बुडाचा तवा लागतो. वरच्या बाजूला पाणी लावायचं, ते सुकलं की उलटायची, आणि कडा फडक्यानं दाबत गोल फिरवायची, तेव्हा फुगते. मालदांडी ज्वारीचं पीठ इथून ने. मंगळवेढ्याच्या ज्वारीला उगाच मानांकन मिळालेलं नाही. तिकडच्या दुकानातलं पीठ जुनं निघतं, थापताना चिरा पडतात.

मीनल : सामानात आणखी काय चालतं?

अण्णा : शेंगा चटणी, कडक भाकरी, अनारशाचं पीठ बिनधास्त ने. दुधाचं काही नको. तूप नाही, पेढे नाहीत, मांसाचं तर नाहीच. युरोपात प्रवाशाला ते आणायची बंदी आहे. तूप तिथलं लोणी कढवून करा, झकास होतं. आंबेही नकोत, त्यांना रोग-कीड नसल्याचा सरकारी दाखला लागतो.

मीनल : आणि मुंबईपर्यंत? आता सोलापूरहून विमान आहे ना?

अण्णा : आहे बाई! विमानांच्या वाटेत येणारी सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, गोव्याचं विमान उडालं २०२५ च्या जूनमध्ये, मुंबईचं ऑक्टोबरमध्ये. दोन वर्षं आम्ही मोकळं आभाळ बघत बसलो. पण परदेशी जायच्या दिवशी त्या विमानावर विसंबू नकोस. तिकिटं वेगवेगळी असली आणि छोटं विमान रद्द झालं, तर मोठं तुझ्यासाठी थांबत नाही. सकाळच्या वंदे भारतनं निघा, दादरला उतरा, दुपारी कुणाकडं तरी आडवे व्हा. विमान रात्रीचं, मुंबईहून थेट. मधे कुठं उतरून चढायचं नको. आईच्या गुडघ्यांसाठी चाकाची खुर्ची तिकीट काढतानाच सांग. ती नको म्हणेल. तरी सांग.

मीनल : बाबा म्हणतील, मला काय धाड भरलीय.

अण्णा : त्याच्याशी बोललीस का यातलं काही? साखर, विमा, पास?

मीनल : अजून नाही. म्हटलं आधी सगळं पक्कं करावं.

अण्णा : माणूस त्याचा, साखर त्याची, न् पक्कं तू करणार! सोमवारी संध्याकाळी घेऊन ये त्याला. पासपोर्ट आणि औषधाची चिठ्ठी बरोबर आणा. आणि तू गप्प बसायचं. बोलायचं ते त्याला बोलू दे.