आमच्या खोलीचा अंदाज कसा चुकला



शाळेच्या गणितात घनफळ असते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची. हे गणित मला परीक्षेत बरोबर येत होते. पण तेच गणित आमच्या घराला लावायचे असते, हे मला आणि आबांनाही फार उशिरा कळले. म्हणून हा लेख लिहीत आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही मागची पडवी पाडून तिथे एक पक्की खोली बांधायचे ठरवले. उन्हाळ्यात ताई बाळंतपणाला माहेरी यायची होती. खोली आतून १२ फूट लांब व १० फूट रुंद हवी होती. मिस्तरी म्हणाले, "माल-मजुरीसकट चौरस फुटाला दीड हजार पडतील." आबांनी ओसरीवर बसल्या बसल्या हिशेब केला. १२ गुणिले १० म्हणजे १२०. १२० गुणिले १,५०० म्हणजे १,८०,००० रुपये. सोयाबीनचे पैसे आणि आईच्या बचत गटाचे कर्ज मिळून तेवढे जमत होते. आबा म्हणाले, "झालं की मग! लावा कुदळ."

मिस्तरींनी टेप लावली ती बाहेरून. भिंत ९ इंच जाड. दोन्हीकडच्या भिंती धरल्या की १२ फुटांचे साडेतेरा होतात आणि १० फुटांचे साडेअकरा. १३.५ × ११.५ = १५५.२५ चौरस फूट. आम्ही १२० म्हणत होतो, ते १५५ म्हणत होते. ३५ चौरस फुटांचा फरक, म्हणजे ५२,५०० रुपये! यात मिस्तरींनी फसवले असे मुळीच नाही. बांधकाम असे बाहेरूनच मोजतात. आम्ही विचारले नाही, आणि आम्हांला ठाऊकच असेल असे त्यांना वाटले.

दुसरा घोटाळा जमिनीखाली झाला. दीड हजारात पाया ३ फूट खोल धरला होता. आमची जागा काळ्या मातीची. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात, म्हणून तिच्यावर पाया ठेवला तर भिंती तडकतात. खाली मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. ३ फुटांवर माती, ४ फुटांवर मातीच. मुरूम लागला ५ फुटांवर.

आता इथे गणित पाहा. पायाची एकूण लांबी किती? पुष्कळ जण बाहेरचा घेर धरतात. तो ५० फूट भरतो. पण मग चारही कोपरे दोनदा मोजले जातात. आतला घेर ४४ फूट, तो धरला तर कोपरे सुटतात. म्हणून भिंतीच्या मधोमध रेघ ओढून मोजायचे. ते ४७ फूट येते. पाया २ फूट रुंद. म्हणजे एक फूट खोली वाढली की ४७ × २ × १ = ९४ घनफूट दगडकाम वाढते. १०० घनफुटांचा एक ब्रास. म्हणजे पाया जितके फूट खाली गेला, तितके जवळजवळ ब्रास दगडकाम जास्त! आमचे दोन फूट वाढले. मातीत पुरलेले हे दोन ब्रास आता कुणाला दिसतसुद्धा नाहीत.

त्यानंतर जोत्याची भरणी. ती घरमालकाने करायची असे ठरले होते म्हणे. जोते २ फूट उंच. आत १२ × १० × २ = २४० घनफूट, म्हणजे सुमारे अडीच ब्रास. पण सुटा मुरूम पाणी मारून धुमसाने चोपला की खाली बसतो, म्हणून ३ ब्रास आणावा लागला. वाढीव खोदाई, दगड आणि मुरूम मिळून ३२,००० रुपये गेले. आधीचे ५२,५०० धरून एकूण ८४,५०० कमी पडले. स्लॅबच्या पातळीला भिंती गेल्या आणि काम थांबले. ताईचे बाळ आले तेव्हा नव्या खोलीवर आभाळ होते. पावसाळाभर भिंतींच्या माथ्यावर आम्ही ताडपत्री बांधून ठेवली होती.

मी गुरुजींना विचारले, "चौरस फुटाचा दर येतो तरी कुठून?" गुरुजी म्हणाले, "आधी माल मोज. भाव मागाहून लाव. भाव रोज बदलतो, माप बदलत नाही." मग आम्ही दोघांनी भिंतींचा हिशेब पुन्हा केला. तो तुम्हीही करून पाहा.

मधली लांबी ४७ फूट, उंची १० फूट, जाडी पाऊण फूट. ४७ × १० × ०.७५ = ३५२.५ घनफूट. यातून दार व खिडक्या वजा करायच्या. दार ३ × ७ = २१ आणि दोन खिडक्या ३ × ४ प्रमाणे २४, मिळून ४५ चौरस फूट. गुणिले पाऊण फूट म्हणजे पावणेचौतीस घनफूट. उरले सुमारे ३१९.

एका घनफुटात विटा किती बसतात? मी आमच्या ढिगातली वीट पट्टीने मोजली. ती ९ इंच लांब, ४ इंच रुंद, ३ इंच जाड निघाली. तिन्हीकडे अर्धा इंच सिमेंटचा माल धरला तर ९.५ × ४.५ × ३.५ म्हणजे साधारण १५० घनइंच. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात. भागाकार साडेअकरा येतो. म्हणून ३१९ × ११.५ म्हणजे ३,६६८ विटा. गाडीतून उतरवताना फुटतात, त्यासाठी शेकडा ५ जास्त धरा. ३,८५० झाल्या. बाहेरचा घेर धरून आणि दार-खिडक्या वजा न करता मी आधी काढले होते ते ४,३१२ आले होते, तेही फूटतूट न धरता! तुमच्या भट्टीची वीट वेगळ्या मापाची असेल तर साडेअकरा हा आकडा घेऊ नका, आपली वीट मोजा.

भिंतीचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग विटांचा नसतो, सांध्यातल्या मालाचा असतो. आमच्या भिंतींत तो ८९ घनफूट आला. सिमेंट-वाळू कोरडी असताना जास्त जागा घेते, पाणी घातले की दबते. म्हणून त्याच्या एकतृतीयांश आणखी धरायचे, ११९ घनफूट. एकास सहा प्रमाणाने सात भाग होतात. एक भाग सिमेंट म्हणजे १७ घनफूट. ५० किलोची गोणी सव्वा घनफुटाची, म्हणून १४ गोण्या. वाळू १०२ घनफूट, म्हणजे एक ब्रास. हे उत्तर आले तेव्हा मी ओरडलोच, कारण मिस्तरींनी पण भिंतींना एकच ब्रास वाळू टाकली होती!

ब्रासविषयी एक सांगून ठेवतो. वाळू, खडी, दगड यांचा ब्रास १०० घनफुटांचा. पण गिलावा, फरशी यांच्या मजुरीचा ब्रास १०० चौरस फुटांचा असतो. बोलताना दोन्हींना नुसते 'ब्रास' म्हणतात. विचारून घ्यावे.

आता उरला आहे स्लॅब. १५५.२५ चौरस फूट, ५ इंच जाड, म्हणजे ६५ घनफूट काँक्रीट. कोरडा माल दीडपट धरायचा. एकास दीड, तीन या प्रमाणाने सिमेंट १५ गोण्या, वाळू २७ घनफूट, खडी ५३ घनफूट. सळई कोणती व किती अंतरावर घालायची हे इंजिनिअरने ठरवायचे, ते आपले काम नव्हे. पण वजन आपण काढू शकतो. सळईच्या जाडीचे मिलिमीटर घ्या, वर्ग करा, १६२ ने भागा. एका मीटरचे किलो मिळतात. ८ मिलिमीटरची १२ मीटर लांब सळई पावणेपाच किलोच्या आसपास भरते. दुकानात तोलताना आपल्याजवळ हा आकडा असावा.

गिलावा, रंग, वीज, दार-चौकट, पाणी, सेंटरिंगचे भाडे हे सर्व निराळ्या ओळींत लिहायचे. सरकारी कामाच्या अंदाजपत्रकात 'आकस्मिक खर्च' अशीही ओळ असते, ती सहसा शेकडा ३ ते ५ धरतात. घरच्या कामाला मी तरी १० धरीन. २०१६ साली सुरू झालेल्या केंद्राच्या घरकुल योजनेत निदान २५ चौरस मीटरचे, म्हणजे २६९ चौरस फुटांचे घर आणि सपाट भागात १,२०,००० रुपये असे ठरले होते. ज्यांच्या जागेत मुरूम दोन फुटांवर त्यांनाही तेवढेच, ज्यांच्या जागेत सहा फुटांवर त्यांनाही तेवढेच! म्हणून कुदळ मारण्याआधी कोपऱ्यात एक खड्डा खणून पाहावा असे मला वाटते. त्याला दोन दिवसांची मजुरी पडते.

हा सगळा हिशेब मी मोठ्या कागदावर उतरवला. भावाचा रकाना मोकळा ठेवला आहे, तो आबा दुकानातून चौकशी करून पेन्सिलीने भरतात. परवा रात्री कागद घरी वाचून दाखवला. आबांनी सगळे ऐकून मान हलवली. आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "समदं बरोबर हाय. पन दोन फुटाच्या जोत्यावर बाळाला घेऊन ताईनं चढायचं कुठनं?"

पायऱ्या आम्ही धरल्याच नव्हत्या.

म्हणून पुढच्या अंकासाठी हे गणित. जोते २४ इंच उंच. पायरी ८ इंच उंच, १० इंच रुंद आणि ४ फूट लांब. वीट वरचीच. विटा किती लागतील? आबा म्हणतात पायऱ्या तीन, मी म्हणतो बांधायच्या दोनच. उत्तरे शनिवारपर्यंत वर्गातील पेटीत टाकावीत. पालकांनीही टाकायला हरकत नाही.