शंका-समाधान : एक घर, दोन पासपोर्ट

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या मराठी मुलामुलींपैकी काहींनी थाई जोडीदार निवडले आहेत. त्यांच्या आणि त्यांच्या इकडच्या आईवडिलांच्या पत्रांत काळजीचा सूर बराचसा सारखा असतो. आपल्या कायद्यानुसार दुसऱ्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व संपते. त्यामुळे सगळीकडे तसेच असणार, असे आपण धरून चालतो. ब्रिटन आणि थायलंड यांचे तसे नाही. दोन्ही देश आपल्या नागरिकाला आपलाच मानतात, त्याच्या खिशात दुसरा पासपोर्ट असला तरी. म्हणून ज्या देशाची खिडकी समोर असेल, त्या देशाचा कागद हातात हवा. खालच्या बहुतेक उत्तरांचा पाया हाच आहे.

प्रश्न : माझा मुलगा ब्रिटिश नागरिक आहे, सून थाई. नातवाचा जन्म लंडनचा, वय सोळा. त्याच्याकडे दोन्ही पासपोर्ट आहेत. या सुट्टीत तो आजोळी खोन केनला एकटाच जाणार आहे. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांनी सांगितले की तिथे मुलांना चिठ्ठी काढून सैन्यात घेतात आणि विमानतळावरच पकडतात. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. त्याचा थाई पासपोर्ट लपवून ठेवायला सांगू का? — एक आजी, ठाणे

उत्तर : आजी, नातवाला निर्धास्त जाऊ द्या. चिठ्ठीची गोष्ट खरी आहे, पण विमानतळावरून कोणाची भरती होत नाही आणि सोळाव्या वर्षी तर हा विषयच निघत नाही. थायलंडच्या १९५४ च्या लष्करी सेवा कायद्यानुसार मुलाने वयाची सतरा वर्षे पूर्ण होतात त्या वर्षी आपल्या आम्फोमध्ये (तालुका कचेरीच्या दर्जाचे सरकारी कार्यालय) नाव नोंदवायचे असते. एकविसाव्या वर्षी, एप्रिल महिन्यात, निवडीसाठी हजर राहायचे असते. प्रत्येक ठिकाणी किती जण हवेत हे ठरलेले असते. स्वेच्छेने येणाऱ्यांनी ती संख्या भरली तर चिठ्ठ्या काढाव्याच लागत नाहीत. नाही भरली तर बंद भांड्यात हात घालून चिठ्ठी उचलायची : काळी आली तर घरी, लाल आली तर सेवेत. परदेशात शिकणाऱ्या मुलाला शिक्षण संपेपर्यंत, जास्तीत जास्त सव्विसाव्या वर्षापर्यंत, मुदत मागता येते. ती आपोआप मिळत नाही, वेळेत अर्ज करावा लागतो.

सूनबाईंना एक गोष्ट विचारा. मुलाचे नाव थायलंडमधल्या कुठल्या घराच्या ताबिअन बानमध्ये (घरात राहणाऱ्यांची सरकारी नोंदवही) लागले आहे का? आपल्याकडे शिधापत्रिकेवर नाव असावे तशीच ही नोंद, आणि त्याला बोलावणे कुठून यायचे हे तीच ठरवते. नाव असेल तर त्याच्या सतराव्या वाढदिवसानंतर लंडनच्या थाई दूतावासाकडून पुढची रीत लिहून घ्यावी. वडील परदेशी असलेल्या आणि त्यांचे नागरिकत्व मिळालेल्या मुलाला वीस वर्षे पूर्ण झाल्यावर एका वर्षाच्या आत थाई नागरिकत्व सोडण्याची मुभा आहे. मुभा आहे, सक्ती नाही. हा निर्णय मात्र थाई वकिलाला भेटल्याशिवाय घेऊ नये.

पासपोर्ट लपवू नका. ब्रिटिश पासपोर्टवर गेला तर त्याला परदेशी पाहुणा म्हणून मोजके दिवस राहता येईल, आणि कायद्याने तो थाई राहायचा तो राहीलच. एकटा जातो आहे म्हणून दोन्ही पालकांच्या सहीचे संमतिपत्र, मोठ्या नमुन्यातला जन्मदाखला (आईवडिलांची नावे असलेला) आणि न्यायला येणाऱ्या मामा-मावशीचा फोन नंबर त्याच्या हातातल्या बॅगेत ठेवा.

प्रश्न : पत्नी थाई. दीड वर्षापूर्वी तिला ब्रिटिश नागरिकत्व मिळाले, समारंभ झाला, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावले. ब्रिटिश पासपोर्ट मात्र काढायचा राहिला. आता तिच्या आईची तब्येत बरी नाही आणि तिला चिअंग माईला जायचे आहे. मित्र म्हणतो, परत येताना विमानात बसू देणार नाहीत. तिकडे थाई अधिकारी तिचा थाई पासपोर्टही काढून घेतील, असेही ऐकले. आमची मुलगी चार वर्षांची आहे, तिच्यापासून आई अडकून पडली तर? — वाचक, स्लाव

उत्तर : तुमच्या मित्राचे अर्धे म्हणणे खरे आहे आणि तेवढे अर्धे गंभीरपणे घ्यायला हवे. नागरिकत्व मिळाल्याच्या दिवशी पत्नीची कायम वास्तव्याची जुनी परवानगी संपली. २५ फेब्रुवारी २०२६ पासून विमान कंपन्या ब्रिटिश नागरिकाकडे चालू ब्रिटिश पासपोर्ट किंवा दुसऱ्या पासपोर्टला जोडलेले हक्काचे प्रमाणपत्र (ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क दाखवणारी सरकारी नोंद) मागतात. भिंतीवरचे प्रमाणपत्र त्यासाठी चालत नाही. प्रवासापूर्वीची ऑनलाइन परवानगी घेऊन वेळ मारून नेऊ, असेही मनात आणू नका. ती ब्रिटिश नागरिकांना मिळतच नाही. तेव्हा पासपोर्टचा अर्ज आजच करा. प्रौढाच्या पहिल्या पासपोर्टसाठी मुलाखतीला बोलावले जाऊ शकते, म्हणून तो हाती येईपर्यंत परतीचे तिकीट पक्के करू नका. सासूबाईंची प्रकृती थांबू देणारी नसेल, तर निघण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, निघाल्यानंतर नव्हे.

दुसरी भीती काढून टाका. थाई व्यक्तीने परदेशी जोडीदाराचे नागरिकत्व घेतले तर थाई नागरिकत्व ठेवायचे की सोडायचे हे तिच्या इच्छेवर आहे. बँकॉकमध्ये उतरताना आणि निघताना तिने थाई पासपोर्ट दाखवावा, विमान कंपनीच्या काउंटरवर आणि ब्रिटनमध्ये उतरल्यावर ब्रिटिश. थाई अधिकाऱ्याने "ब्रिटनचा व्हिसा कुठे आहे?" असे विचारले तर दुसरा पासपोर्ट शांतपणे पुढे करावा. ही त्यांच्या रोजच्या पाहण्यातली गोष्ट आहे.

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, २०१५ पासून ब्रिटिश नागरिक. उदोन थानीजवळच्या गावात आमचे लग्न झाले. भिक्खू आले, गावजेवण झाले, सासऱ्यांना रीतीप्रमाणे सिन सोद (वधूच्या घरी द्यायची रक्कम) दिला. सरकारी नोंदणी मात्र केली नाही. मुलगी आता दोन वर्षांची आहे आणि तिच्या जन्मदाखल्यावर वडील म्हणून माझेच नाव आहे. आता कोणी म्हणते की कायद्याने मी तिचा कोणीच नाही. हे खरे असेल तर मी काय करू? तिला ब्रिटिश पासपोर्ट तरी मिळेल का? — वाचक, ब्रिस्टल

उत्तर : आधी चांगली बातमी. तुमच्या मुलीच्या जन्मापूर्वीच तुम्ही ब्रिटनमध्ये राहून, अर्ज करून नागरिक झाला होता. अशा नागरिकाचे परदेशात जन्मलेले मूल जन्मतःच ब्रिटिश असते. १ जुलै २००६ नंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत आईवडिलांचे लग्न नसले तरी चालते, पितृत्वाचा पुरावा मात्र भक्कम लागतो. जन्मदाखला, दवाखान्याचे कागद, तुम्ही त्या काळात तिथे होता हे दाखवणारे पासपोर्टवरचे शिक्के, आणि मागितल्यास डीएनए चाचणी. (जे वाचक स्वतः ब्रिटनबाहेर जन्मले आणि केवळ आईवडिलांमुळे ब्रिटिश झाले, त्यांच्या परदेशात जन्मलेल्या मुलांना हा हक्क आपोआप मिळत नाही. त्यांना मूल अठरा वर्षांचे होण्याआधी नोंदणीचा वेगळा मार्ग पाहावा लागतो.)

थायलंडपुरते पाहिले तर तुम्हाला जे सांगितले गेले ते दुर्दैवाने बरोबर आहे. लग्न नोंदलेले नसेल तर थाई दिवाणी कायद्याप्रमाणे मुलावरचा अधिकार एकट्या आईचा असतो, दाखल्यावर बापाचे नाव असले तरीही. प्रेम आणि खर्च तुम्ही करत असाल, पण शाळा, दवाखाना, पासपोर्ट यांच्या कागदांवर तुमची सही पुरी पडत नाही. उपाय तीन : आईशी नोंदणी विवाह, आम्फोमध्ये अपत्य म्हणून नोंद, किंवा न्यायालयाचा निर्णय. दुसऱ्या मार्गाला आईबरोबर मुलाचीही संमती लागते. दोन वर्षांची मुलगी संमती काय देणार? त्यामुळे तो मार्ग शेवटी न्यायालयाकडेच वळतो. तुमचा संसार सुखाचा आहे असे पत्रावरून दिसते, तेव्हा पहिला मार्गच धरा. बँकॉकच्या ब्रिटिश दूतावासातून अविवाहित असल्याचे प्रतिज्ञापत्र, त्याचे थाई भाषांतर, त्यावर थाई परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि मग आम्फो. असा नोंदलेला विवाह ब्रिटन मान्य करते. तिथे पुन्हा नोंदवावा लागत नाही.

प्रश्न : पत्नीच्या व्हिसाचे कागद जमवताना माझ्या लक्षात आले की तिच्या जन्मदाखल्याच्या भाषांतरात जन्मवर्ष १९८९ आहे आणि पासपोर्टवर १९८८. शिवाय तिने लहानपणी एकदा नाव बदलले होते. खोटे कागद दिल्याचा ठपका येऊन दहा वर्षांची बंदी बसेल का? — वाचक, रेडिंग

उत्तर : मूळ दाखला समोर घ्या. त्यावरचे वर्ष बहुधा थाई आकड्यांत आणि बौद्ध शकात असेल. त्यातून ५४३ वजा केले की इसवी सन मिळते. २५३१ असेल तर १९८८, म्हणजे पासपोर्ट बरोबर आणि भाषांतरकार चुकला. असे होते. (सासऱ्यांचे किंवा आजेसासऱ्यांचे जुने कागद लागले तर ध्यानात ठेवा : १९४१ पूर्वी थाई वर्ष एप्रिलमध्ये सुरू होई, म्हणून त्या काळातल्या जानेवारी ते मार्चच्या जन्मतारखांना ५४२ वजा करावे लागतात.) भाषांतर नव्याने करून घ्या. भाषांतर अचूक असल्याचे विधान, तारीख, भाषांतरकाराचे पूर्ण नाव, सही आणि संपर्क त्यावर हवा.

बंदी येते ती फसवणुकीबद्दल. चूक तुम्हाला आधी सापडली आणि तुम्ही ती दुरुस्त करून दिली, तर भिण्याचे कारण नाही. चुकीचा कागद कळूनसवरून जोडू नका, एवढेच. नाव बदलल्याचे प्रमाणपत्र आम्फो देते. ते हरवले असेल तर तिथून प्रत मिळवून, भाषांतरासह जोडा. थायलंडमध्ये लोक नावे सहज बदलतात आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना ते ठाऊक आहे. त्यांना साखळी पूर्ण लागते. पत्नीची क्षयरोग तपासणी ब्रिटनने मान्य केलेल्या केंद्रातच करायची आणि ते प्रमाणपत्र सहा महिनेच चालते, म्हणून ती फार आधी उरकू नका. सल्ला घ्यायचा तर वकिलाचा किंवा ब्रिटनच्या इमिग्रेशन अॅडव्हाइस अथॉरिटीकडे नोंदणी असलेल्या सल्लागाराचाच घ्या. ओळखीच्या माणसाने पैसे घेऊन "करून देतो" म्हटले तर नम्रपणे नकार द्या.

प्रश्न : थायलंडला उतरण्यापूर्वीचा ऑनलाइन फॉर्म भरताना माझ्या कार्डावरून बरीच रक्कम गेली. आता प्रवेश नाकारतील का? — वाचक, मिल्टन कीन्स

उत्तर : नाही. १ मे २०२५ पासून परदेशी प्रवाशांना हे डिजिटल आगमनपत्र भरावे लागते, पण ते फुकट आहे. तुम्ही बहुधा नकली संकेतस्थळावर पोहोचलात. आधी बँकेला कळवून कार्ड बंद करा. मग उतरण्याआधीच्या तीन दिवसांत थाई इमिग्रेशनच्या अधिकृत संकेतस्थळावर फॉर्म पुन्हा भरा. थाई पासपोर्टवर उतरणाऱ्याला तो लागत नाही. आणि सामानात ई-सिगारेट असेल तर घरीच ठेवा. तिथे तिच्यावर बंदी आहे.

प्रश्न : माझा भाऊ कव्हेंट्रीला असतो, ब्रिटिश नागरिक. त्याचे आणि थाई वहिनीचे पटले नाही. भांडण नाही, तंटा नाही. लग्न बँकॉकला नोंदले होते म्हणून दोघांनी लंडनच्या थाई दूतावासात जाऊन घटस्फोटाची नोंद केली. आता सोलापूरला त्याचे दुसरे लग्न ठरते आहे आणि मुलीकडच्यांनी कागद मागितले आहेत. तो कागद पुरेल ना? उद्या त्याच्यावर गुन्हा तर नाही ना होणार? — एक बहीण, सोलापूर

उत्तर : ताई, लग्नाची तारीख धरू नका. थाई कायद्यापुरता तो घटस्फोट झाला आहे. पण ब्रिटनच्या भूमीवर घटस्फोट फक्त न्यायालयच देऊ शकते, असे तिथल्या १९८६ च्या कौटुंबिक कायद्यात स्पष्ट आहे. दूतावासातली नोंद त्यात बसत नाही. इंग्लंडच्या कायद्याच्या नजरेत तुमचा भाऊ आजही विवाहित आहे, आणि या स्थितीत दुसरे लग्न झाले तर नव्या मुलीच्या व्हिसापासून वारसापर्यंत सगळेच धोक्यात येईल. बँकॉकला जाऊन नोंद केली असती तरी, दोघे ब्रिटनमध्ये राहणारे म्हणून, अडचण येऊ शकली असती.

यात भावाचा हेतू वाईट नव्हता आणि वाटही बंद नाही. एप्रिल २०२२ पासून इंग्लंडमध्ये दोष न लावता, दोघांनी मिळून घटस्फोटाचा अर्ज करता येतो. किमान वीस आठवडे, त्यानंतर आणखी सहा, म्हणजे सुमारे सहा महिने धरा. मुलीकडच्यांना खरे ते आत्ताच सांगा. हाती कागद नसताना "झालाय" म्हणणे त्यांच्या मुलीवर अन्याय ठरेल. भावाने याच आठवड्यात इंग्लंडमधल्या कौटुंबिक वकिलाला भेटावे, आणि अंतिम आदेश हाती आल्यावर सोलापूरच्या वकिलाला तो दाखवावा. हे प्रकरण पत्रातून सुटण्यासारखे नाही.

वाचकांना विनंती : व्हिसाचे दिवस, शुल्क आणि उत्पन्नाच्या अटी वारंवार बदलतात. तिकीट काढण्याच्या दिवशी दोन्ही सरकारांच्या अधिकृत संकेतस्थळांवर त्या पुन्हा पाहा. आणि पत्रासोबत मूळ कागद पाठवू नका. छायाप्रत पाठवलीत तर तिच्यावरचे पासपोर्ट आणि ओळखपत्राचे क्रमांक खोडून पाठवा.