ओढ्याकाठची पट्टी व तिचा मोबदला

पिरंगुटच्या परिसरातील ओढे मुळेस मिळतात व मुळा पुढे पुण्यास जाते. तेव्हा ओढ्याकाठची जमीन ज्याची, त्याच्या हाती खालच्या पुष्कळ लोकांचे पाणी असते. त्याने काठापर्यंत नांगर घातला की पावसात माती व खत ओढ्यात उतरतात. उलट उंबर, करंज, जांभूळ व गवत यांची पट्टी राखिली, तर मुळ्या काठ धरून ठेवितात व गाळ पट्टीतच अडतो.

हे ठाऊक असूनही शेतकरी पट्टी का सोडीत नाही? वाचकांनी हिशेब करून पाहावा. पट्टी 35 फूट रुंद व 500 फूट लांब धरिली, तर सुमारे 16 गुंठे जातात. ज्याचे सारे शेत दोन एकर, त्याचा हा पाचवा हिस्सा झाला. खालच्यांनी पाणी प्यावे व तोटा वरच्या एकट्याने सोसावा, असा नुसता उपदेश त्यास करणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी दूरच्या डोंगरांतून येते. ते गाळण्याचा प्रचंड कारखाना टाळावा म्हणून 1997 साली वरच्या गावांशी करार झाला. राजी असलेल्या मालकास पैसे देऊन शहर त्याच्या जमिनीवर बांधकाम न होऊ देण्याचा कायमचा हक्क घेते. जमीन व वारसा त्याचाच राहतो. काठची पट्टी सोडणाऱ्या शेतकऱ्यांस वर्षाचे भाडेही मिळते. नाबोथाप्रमाणे ज्यास वडिलांचे वतन विकावयाचे नाही, त्यासही ही रीत मानवेल. मुळशीकरांस तर ती विशेष समजेल. 1921 साली टाटांच्या धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह झाला, तरी जमिनी बुडाल्याच.

आपल्या देशात हिमाचलातील पालमपूरच्या नगरपरिषदेने 2010 साली बोहल गावाशी करार केला व झऱ्याचे रान राखण्याबद्दल वर्षास 10,000 रुपये देऊ केले. रक्कम थोडीच, परंतु देणे लागतो हे शहराने कबूल केले. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वराकडेही पुण्याच्या एका संस्थेने खासगी रानांच्या मालकांशी असे करार केले आहेत.

अडचण कायद्याची आहे. आपला 1882 चा सुविधाधिकार कायदा एका जमिनीच्या उपभोगासाठी दुसऱ्या जमिनीवर हक्क देतो. नुसत्या ओढ्याच्या रक्षणाचा हक्क त्यात बसत नाही. मालकाने उद्या प्लॉट पाडून जमीन विकली, तर नवा धनी हा करार पाळीलच असे नाही. यास्तव असा करार पुढे आल्यास पट्टीची मोजणी, मुदत, गुरांनी पाणी कोठे प्यावे आणि जमीन विकल्यास काय करावयाचे, हे सर्व अंगठा किंवा सही करण्यापूर्वी लिहून घ्यावे व जाणत्याकडून वाचून घ्यावे.