संगणकावर आलेख काढताना येणाऱ्या अडचणी व त्यांवरील उपाय



आपले हट्टा हे गाव वसमत तालुक्यातले. ३० एप्रिल १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्याचे रहिवासी होतो. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन होऊन हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला आणि आपण हिंगोली जिल्ह्याचे झालो. गाव जागचे हलले नाही, शेतशिवार हलले नाही, माणसेही तीच राहिली. बदलली ती सरकारी तक्त्यातील आपली जागा. संगणकावर आलेख काढण्याच्या पाठात ही गोष्ट आम्ही आधी का सांगत आहोत, हे पुढील प्रसंगावरून ध्यानात येईल.

आमच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थ्याने जनगणनेचे आकडे घेऊन परभणी जिल्ह्याच्या लोकसंख्येचा आलेख काढला. १९९१ साली सुमारे २१.१७ लाख, २००१ साली १५.२८ लाख, २०११ साली १८.३६ लाख. रेषा एकदम खाली आली व पुन्हा वर गेली. त्याखाली त्याने लिहिले होते, "दहा वर्षांत जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे सहा लाखांनी घटली. कारण, दुष्काळ व स्थलांतर." आकडे बरोबर होते. संगणकाने कोणतीही चूक दाखविली नव्हती. आलेखही सुबक होता. तरीही निष्कर्ष साफ खोटा होता. ते सहा लाख लोक कोठे गेले नव्हते. आपणच ते लोक! २००१ साली हिंगोली जिल्ह्याच्या नावावर जे ९.८७ लाख लोक मोजले गेले, त्यांत हट्टाही होते.

यावरून या पाठाचे मुख्य सूत्र ठरते. आलेख काढताना दोन प्रकारच्या अडचणी येतात. पहिल्या प्रकारात संगणक अडून बसतो व संदेश देतो. दुसऱ्या प्रकारात तो मुकाट्याने आलेख काढून देतो आणि चूक आपल्या पदरात पडते. पहिल्या प्रकारच्या अडचणीने वेळ जातो, दुसऱ्या प्रकारच्या अडचणीने विश्वास जातो.

साधन कोणते?

आम्ही वर्गात 'ग्नूप्लॉट' नावाची आज्ञावली वापरतो. थॉमस विल्यम्स व कॉलिन केली यांनी सुरू केलेली ही आज्ञावली १९८६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य मिळते व लिनक्स, विंडोज, मॅक अशा सर्व प्रकारच्या संगणकांवर चालते. जुना, कमी ताकदीचा संगणकही तिला पुरतो. येथे चित्रांवर टिचक्या मारावयाच्या नसतात. आज्ञा टंकून द्यावयाची असते. त्यामुळे सुरुवातीला भीती वाटते. परंतु एक मोठा लाभ असा की, काय केले ते लेखी राहते. आज्ञा एका फाइलीत जपून ठेवल्या की तोच आलेख वर्षभराने पुन्हा काढता येतो आणि चूक कोठे झाली तेही तपासता येते.

एक सूचना. या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. प्रत्यक्ष टंकताना त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहाव्यात.

आकड्यांची फाइल अशी असते:

# वर्ष परभणी हिंगोली एकत्रित
१९९१ २१.१७ ? २१.१७
२००१ १५.२८ ९.८७ २५.१५
२०११ १८.३६ ११.७७ ३०.१३

आकडे लाखांत आहेत. रकान्यांमध्ये मोकळी जागा सोडली आहे. '#' या चिन्हाने सुरू होणारी ओळ संगणक वाचत नाही. ती आपल्या टिपणासाठी. आज्ञा अशी:

प्लॉट 'लोक.डॅट' युजिंग १:२ विथ लाइनस्पॉइंट्स

म्हणजे पहिला रकाना आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर, आणि बिंदू रेषेने जोडावयाचे.

संगणक अडून बसतो तेव्हा

(१) फाइल सापडत नाही. बहुतेक वेळा फाइल असते, पण दुसऱ्या फोल्डरमध्ये. 'पीडब्ल्यूडी' ही आज्ञा दिली की आपण कोठे उभे आहोत ते कळते. 'सीडी' या आज्ञेने योग्य जागी जाता येते. विंडोजवर नोटपॅड हा कार्यक्रम फाइलीच्या नावापुढे गुपचूप '.टीएक्सटी' जोडतो, तेही पाहावे. आणखी एक खुबी आहे. दुहेरी अवतरणचिन्हांत उलटी तिरपी रेघ आली की तिला विशेष अर्थ येतो. रेघेनंतर फोल्डरचे नाव इंग्रजी 'एन' अक्षराने सुरू होत असेल, तर त्या दोहोंचा अर्थ 'नवी ओळ' असा होतो आणि पत्ता बिघडतो. म्हणून फाइलीचे नाव एकेरी अवतरणचिन्हांत लिहावे.

(२) 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' असा संदेश येतो. फाइलीच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालावयाची राहून गेली की हा संदेश येतो. शब्दलेखनाच्या कार्यक्रमातून आज्ञा उचलली असेल, तर तेथील वाकडी, शोभेची अवतरणचिन्हेही चालत नाहीत. ती पुसून साधी चिन्हे टंकावीत.

(३) फाइल सापडते, पण वाचता येणारा एकही बिंदू नाही असे सांगितले जाते. आपल्याकडे याचे एक खास कारण असते. आपल्या नोंदवह्या, हजेरीपत्रके, ग्रामपंचायतीचे तक्ते यांत देवनागरी अंक असतात. ते तसेच टंकले तर ग्नूप्लॉटला ते अंक वाटतच नाहीत, अक्षरे वाटतात. फाइलीतील सर्व आकडे इंग्रजी अंकांतच हवेत. वरचा नमुना या लेखात देवनागरीत छापला आहे. फाइलीत तो इंग्रजी अंकांत लिहावा.

(४) चित्राची फाइल रिकामी निघते. चित्र साठविण्यासाठी आधी 'सेट टर्मिनल पीएनजीकैरो', मग 'सेट आउटपुट' व चित्राचे नाव, मग प्लॉटची आज्ञा, असा क्रम आहे. शेवटी 'अनसेट आउटपुट' म्हणावे लागते. ते न म्हटल्यास चित्र अर्धवट राहू शकते. वही मिटल्याशिवाय दप्तरात जात नाही, तसेच हे.

(५) मराठी शीर्षकाच्या जागी चौकोन दिसतात. निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी अक्षरे नसली की असे होते. 'सेट एन्कोडिंग यूटीएफ८' ही आज्ञा द्यावी आणि टर्मिनलच्या आज्ञेत मंगल किंवा लोहित देवनागरी यांसारखा युनिकोड फाँट सांगावा. छपाईच्या जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मजकूर मात्र तसाच उचलून चालत नाही. तो युनिकोडमध्ये बदलून किंवा पुन्हा टंकून घ्यावा.

संगणक गप्प राहतो तेव्हा

आता दुसरा, अधिक घातक प्रकार.

(१) स्वल्पविराम. आपण १,२०,००० असे लिहितो. रकाने स्वल्पविरामाने वेगळे केलेल्या फाइलीत हा आकडा हाताने असा टंकला, तर संगणक त्याचे तीन रकाने करतो: १, २० आणि ०००. एक लाख वीस हजारांच्या जागी आलेखात एक दिसतो. आकड्यांत स्वल्पविराम घालूच नयेत.

(२) तारीख. मोंढ्यातील हळदीचे रोजचे भाव मांडावयाचे असतील तर पहिल्या रकान्यात ०५-०६-२०२३ अशी तारीख येते. ही तारीख आहे हे 'सेट एक्सडेटा टाइम' या आज्ञेने सांगावे लागते. नंतर 'सेट टाइमफॉरमॅट'चे काम करणारी 'सेट टाइमएफएमटी' ही आज्ञा देऊन दिवस, महिना, वर्ष यांचा क्रम सांगावा. तो क्रम उलटा सांगितला तर ५ जूनचा भाव ६ मेला जाऊन बसतो आणि संगणक हूं की चूं करीत नाही.

(३) भागाकार. २००१ साली जुन्या परभणी जिल्ह्याच्या एकूण लोकसंख्येत हिंगोलीचा वाटा किती, हे काढण्यासाठी ९८७/२५१५*१०० असे लिहिले तर उत्तर ० येते. कारण दोन पूर्णांकांचा भागाकार ग्नूप्लॉट पूर्णांकातच देतो व अपूर्णांक टाकून देतो. ९८७.०/२५१५*१०० असे लिहिले की ३९.२४ हे खरे उत्तर मिळते. एका टिंबाने एवढा फरक पडतो! त्याचप्रमाणे वर्ग करण्यासाठी दोन फुल्या (**) वापराव्यात. टोपीसारख्या चिन्हाचा (^) येथे घात असा अर्थ नाही.

(४) उभ्या अक्षाची सुरुवात. अक्ष कोठून सुरू करावयाचा हे आपण सांगितले नाही, तर संगणक ते आकड्यांवरून ठरवितो. २५.१५ व ३०.१३ हे दोन आकडे २५ पासून सुरू होणाऱ्या अक्षावर मांडले तर पहिला स्तंभ जमिनीला टेकलेला व दुसरा आभाळाला भिडलेला दिसतो. खरी वाढ सुमारे २० टक्के आहे. स्तंभालेखासाठी 'सेट वायरेंज [०:*]' ही आज्ञा द्यावी, म्हणजे अक्ष शून्यापासून सुरू होतो.

(५) शून्य आणि 'माहीत नाही'. २०२१ साली आपल्या देशात जनगणना झाली नाही. त्या वर्षापुढे कोणी ० लिहिले तर रेषा तळाला जाईल. शून्य म्हणजे मोजले आणि काही निघाले नाही. रिकामी जागा म्हणजे मोजलेच नाही. अशा जागी '?' लिहावे व 'सेट डेटाफाइल मिसिंग' या आज्ञेपुढे अवतरणात तेच चिन्ह द्यावे. आमच्या नमुन्यात १९९१ च्या ओळीत हिंगोलीखाली '?' आहे, तो याचसाठी. त्या वर्षी हिंगोली जिल्ह्यात शून्य माणसे नव्हती. त्या नावाचा जिल्हा नव्हता.

(६) व्याख्या बदलणे. भारतातील स्त्री-साक्षरता १९५१ साली ८.८६ टक्के, १९७१ साली २१.९७ टक्के, १९९१ साली ३९.२९ टक्के व २००१ साली ५३.६७ टक्के होती. आलेखाची रेषा अखंड दिसते. परंतु १९५१ ते १९७१ चे दर पाच वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येवर काढलेले आहेत आणि १९८१ पासूनचे सात वर्षे व त्यावरील वयाच्या लोकसंख्येवर. रेषा एक, मोजपट्ट्या दोन! हे आलेखाखाली लिहिलेच पाहिजे.

परभणीचा आलेख कसा सुधारला?

आम्ही त्या विद्यार्थ्याचा आलेख रद्द केला नाही. त्याच्याकडूनच तो दुरुस्त करून घेतला. दुसऱ्या रकान्याऐवजी चौथा, म्हणजे एकत्रित रकाना घेतला: युजिंग १:४. आता २१.१७, २५.१५, ३०.१३ अशी रेषा सरळ वर चढू लागली. मग विभाजनाची खूण म्हणून एक उभी रेघ काढली:

सेट ॲरो फ्रॉम १९९९.३३, ग्राफ ० टू १९९९.३३, ग्राफ १ नोहेड

१ मे म्हणजे वर्षाचा एक तृतीयांश भाग सरल्यावरचा दिवस, म्हणून .३३. आज्ञेतील 'ग्राफ ०' व 'ग्राफ १' म्हणजे चौकटीचा तळ व माथा. ही आज्ञा प्लॉटच्या आधी द्यावी. आलेखाखाली त्याने नवे वाक्य लिहिले, "१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. २००१ व २०११ चे आकडे दोन्ही जिल्ह्यांचे मिळून आहेत." दुष्काळाचे वाक्य त्याने स्वतःच खोडले.

हा प्रसंग लहान वाटेल, पण तो लहान नाही. वसतिगृह, शाळेतील जादा तुकडी, पाण्याची टाकी, एसटीची फेरी यांची मागणी करताना आपण निवेदने देतो व त्यांना आकड्यांचा आधार जोडतो. दहा आलेखांपैकी एक चुकीचा निघाला, तर समोरचा अधिकारी उरलेले नऊही बाजूला सारतो, आणि खऱ्या गरजेचे म्हणणेही खोटे ठरते. ज्यांच्याजवळ दुसरे बळ नाही, त्यांनी तरी आपला आकडा पक्का ठेवलाच पाहिजे.

म्हणून प्रत्येक आलेखानंतर स्वतःला चार प्रश्न विचारावेत. फाइलीतील पहिला व शेवटचा आकडा आलेखावर जागच्या जागी आहे काय? उभा अक्ष कोठून सुरू होतो? मध्येच सीमा किंवा व्याख्या बदलली आहे काय? आणि रेषा एकाएकी पडली किंवा उसळली असेल, तर त्या वर्षी खरोखर काय घडले?

स्वाध्याय

१. वरील फाइल तयार करून परभणी, हिंगोली व एकत्रित अशा तीन रेषा एकाच आलेखात काढा.
२. '?' च्या जागी ० लिहून पुन्हा आलेख काढा. हिंगोलीची रेषा काय सांगते व ते खोटे का, हे दोन वाक्यांत लिहा.
३. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण होताना परतूर तालुका परभणीतून जालन्यात गेला. १९७१ पासूनचा आलेख काढावयाचा असल्यास कोणती काळजी घ्याल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर संगणकाजवळ नाही. ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, जुने तक्ते काढून पाहावे, आणि मगच आज्ञा टंकावी.