पायी चालून जिंकलेली लढाई

माणसांची कातडी कोणाची गोरी, कोणाची काळी. ज्या मुलुखात आपले पूर्वज राहिले, तिथल्या उन्हाप्रमाणे हा रंग घडला. रक्त मात्र सगळ्यांचे लाल. तरी रंग पाहून एकाला उंच आणि दुसऱ्याला नीच ठरवतात. याला वर्णद्वेष म्हणतात.

अमेरिकेत हा रोग फार जुना. आफ्रिकेतून माणसं धरून नेली, बाजारात विकली. १८६५ साली ही गुलामगिरी कायद्याने बंद झाली. पुढे १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले. गुलामांना सोडवणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांना त्यांनी ते अर्पण केले. आपल्या लोकांनीही तो कित्ता गिरवावा, ही त्यांची इच्छा.

गुलामगिरी गेली, पण भेदभाव गेला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत तसे कायदेच झाले. अलाबामा राज्यात माँटगोमेरी नावाचे शहर आहे. तिथे बसमध्ये पुढची बाके गोऱ्यांची, मागची काळ्यांची. भाडे मात्र सारखेच!

१ डिसेंबर १९५५. रोझा पार्क्स ही शिवणकाम करणारी काळी बाई कामावरून घरी निघाली होती. एका गोऱ्या उतारूला जागा नव्हती. ड्रायव्हरने चौघा काळ्यांना उठायला सांगितले. तिघे उठले. रोझाबाई उठल्या नाहीत. पोलिसांनी त्यांना धरून नेले.

तुम्ही म्हणाल, एका बाकासाठी एवढे काय? अहो, प्रश्न बाकाचा नव्हता, माणुसकीचा होता.

जो अ‍ॅन रॉबिन्सन या शिक्षिकेने रातोरात हजारो पत्रके काढली. ५ डिसेंबरपासून काळ्या लोकांनी बसमध्ये पाय ठेवला नाही. मोलकरणी, मजूर, म्हातारी माणसं मैलोन्‌मैल पायी चालली. ज्यांच्याकडे मोटार होती, त्यांनी इतरांना नेले. पुढारी होते २६ वर्षांचे मार्टिन ल्यूथर किंग. त्यांच्या घरावर बाँब पडला, पण त्यांनी कोणावर हात उगारू दिला नाही.

रॉबर्ट ग्रेट्झ हे पाद्री स्वतः गोरे. तेही काळ्यांना आपल्या मोटारीतून नेत. त्यांच्याही घरावर बाँब पडला. ते हटले नाहीत.

असे ३८१ दिवस गेले. सुप्रीम कोर्टाने बसमधला भेदभाव बेकायदा ठरवला. गाव करी ते राव न करी, ते असे!

यातून आपण काय घ्यावे? ‘आम्ही कोणाचे वाईट करत नाही,’ एवढ्याने भागत नाही. अन्याय दिसला की बोलले पाहिजे. आपल्याकडेही पोरीला काळी म्हणून हिणवतात. आफ्रिकेतून शिकायला आलेल्या मुलांना शहरात खोली नाकारतात. जातीवरून कोणाला दूर बसवतात. अशा वेळी गप्प बसणारा अन्यायालाच हातभार लावतो. आपण ग्रेट्झसाहेबांसारखे त्या माणसाच्या शेजारी उभे राहू.

सांगा पाहू :
१. रोझाबाई का उठल्या नाहीत?
२. ग्रेट्झ गोरे असून त्यांनी काय केले?
३. आपल्या गावात कोणाला दूर बसवतात? त्यासाठी आपण काय कराल?