यंत्राची बुद्धी आणि माणसाचा निर्णय

कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाची जागा घेईल काय आणि पुढे कधी तरी ती मानवजातीला धोका ठरेल काय, हा प्रश्न आता केवळ शास्त्रज्ञांच्या परिषदांपुरता राहिलेला नाही. शाळा, तहसील कचेरी आणि ग्रामपंचायतीची बैठक येथेही तो विचारला जाऊ लागला आहे. भीतीच्या अथवा कौतुकाच्या भरात न जाता, आजवर प्रत्यक्षात काय घडले हे पाहून त्याचे उत्तर शोधावयास हवे.

पूर्वपीठिका

यंत्रे विचार करू शकतील काय, हा प्रश्न ब्रिटिश गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी 1950 साली एका निबंधात उपस्थित केला. 1956 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयात काही शास्त्रज्ञ एकत्र जमले. जॉन मॅकार्थी यांनी सुचविलेले ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हे नाव तेथून रूढ झाले. 1997 साली ‘डीप ब्ल्यू’ या संगणकाने बुद्धिबळाचे जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह यांना हरविले, तर 2016 साली ‘अल्फागो’ने ‘गो’ या खेळातील श्रेष्ठ खेळाडू ली सेडॉल यांच्यावर 4-1 अशी मात केली. नोव्हेंबर 2022 मध्ये ‘चॅटजीपीटी’ सर्वांसाठी खुले झाले आणि हे तंत्र घराघरांत पोहोचले.

अशी भाषाप्रणाली अफाट मजकुरातून शब्दांच्या परस्परसंबंधांचे आडाखे बांधते आणि त्यांच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द कोणता हे ठरवीत वाक्य रचीत जाते. त्यामुळे तिची भाषा सफाईदार असते. परंतु सफाईदार वाक्य खरे असेलच असे नाही. ज्या भाषांतील मजकूर तिला कमी मिळाला, त्या भाषांत चुकांचा संभव अधिक असतो, हे मराठी वाचकाने विशेषत्वाने ध्यानात ठेवावे.

काम जाते की बदलते?

आपल्याकडे बँकांत संगणक येऊ लागले तेव्हाही कर्मचाऱ्यांमध्ये मोठी अस्वस्थता होती. 1984 साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. पुढील काळात खातेवह्या हाताने लिहिण्याचे काम संपुष्टात आले. बँका मात्र विस्तारल्या आणि त्यांतील कामाचे स्वरूप पालटले.

दुसरे उदाहरण वैद्यकातील आहे. या क्षेत्रातील अग्रणी शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन यांनी 2016 साली असे मत मांडले की, क्ष-किरण चित्रे वाचणारे नवे तज्ज्ञ घडविणे आता थांबवावे. यंत्र लवकरच ते काम अधिक चांगले करील. तसे झाले नाही. यंत्र या तज्ज्ञांना साहाय्य करू लागले आहे, परंतु त्यांची गरज संपलेली नाही. कारण चित्र वाचणे हा त्यांच्या कामाचा एक भाग आहे. रुग्णाचा पूर्वेतिहास पाहणे, अन्य वैद्यांशी विचारविनिमय करणे आणि निदानाची जबाबदारी घेणे हे उरतेच.

यावरून कोणाचेच काम जाणार नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. ठराविक साच्याचे लेखन, भाषांतर, नोंदी भरणे अशा कामांवर आजच ताण येत आहे. याच हिंटन यांनी 2023 साली गूगलमधील पद सोडले आणि या तंत्राच्या दूरगामी धोक्यांविषयी जाहीर इशारे देण्यास प्रारंभ केला. 2024 साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा व्यक्तीचा इशारा दुर्लक्षिण्यासारखा नाही. तथापि शासनव्यवहारात काम करणाऱ्यांना याहून जवळचा एक धोका ओळखणे अगत्याचे आहे.

नेदरलँड्समधील धडा

नेदरलँड्समध्ये नोकरी करणाऱ्या आईवडिलांना पाळणाघराच्या खर्चासाठी कर खात्यामार्फत भत्ता मिळत असे. गैरव्यवहार शोधण्यासाठी या खात्याने 2013 पासून अनुभवातून स्वतः शिकत जाणारी एक संगणकीय प्रणाली वापरली. ती प्रत्येक अर्जाला जोखमीचे गुण देई. अर्जदार नेदरलँड्सचा नागरिक नाही, ही बाबही गुण वाढविण्यास कारण होत असे. अधिक गुणांचा अर्ज तपासणीसाठी कर्मचाऱ्याकडे जाई. परंतु तो संशयित का ठरला, हे त्या कर्मचाऱ्यालाही कळत नसे.

त्यातच वसुलीचे नियम कठोर होते. एखादी सही राहिली, एखादा कागद अपुरा पडला, तरी संपूर्ण भत्ता परत मागितला जाई. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका आला आणि ती कर्जात बुडाली. अशा कुटुंबांतील हजाराहून अधिक मुलांना घरापासून दूर ठेवण्यात आले. डिसेंबर 2020 मध्ये संसदीय समितीने आपल्या अहवालाला ‘अभूतपूर्व अन्याय’ असे नाव दिले आणि 15 जानेवारी 2021 रोजी पंतप्रधान मार्क रुट्टे यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

या प्रकरणात यंत्राने कोणावर हल्ला केला नव्हता. त्याने एक आकडा दिला. कायदा कठोर केला तो माणसांनी, आकड्यामागचे कारण विचारले नाही तेही माणसांनी, आणि आईवडिलांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकून घेतल्या नाहीत त्याही माणसांनीच. जोखमीचे गुण ही चौकशीची सूचना होती. तिला निकालाचे स्थान मिळाले.

जोसेफ वायझेनबाम या अमेरिकेतील संगणकतज्ज्ञाने 1966 साली ‘एलायझा’ नावाचा संभाषण करणारा साधा कार्यक्रम रचला होता. लोक त्याच्यापाशी मन मोकळे करू लागले, हे पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले. 1976 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादिले की, ज्या कामांना विवेक आणि करुणा लागते, ती यंत्राला करता येवोत वा न येवोत, त्याच्यावर सोपवू नयेत.

आपल्यासाठी बोध

ही साधने टाकून द्यावीत, असा याचा अर्थ नव्हे. केंद्र शासनाने 2022 साली सुरू केलेल्या ‘भाषिणी’सारख्या उपक्रमामुळे भारतीय भाषांतील नागरिकांना माहिती सुलभ होऊ शकते. मात्र वापर करताना काही पथ्ये पाळली पाहिजेत.

पहिले, यंत्राने एखाद्याचे नाव लाभार्थी यादीतून वगळण्याची शिफारस केली, तर तिचे कारण समजल्याशिवाय नाव वगळू नये. दुसरे, निर्णयाखाली सही करणाऱ्या अधिकाऱ्याने तो निर्णय आपला म्हणून सांगता आला पाहिजे. ‘संगणकाने असे दाखविले’ हे उत्तर पुरेसे मानू नये. तिसरे, ज्याच्यावर परिणाम होतो त्याला हरकत घेण्याची जागा आणि ती ऐकणारा माणूस, दोन्ही उपलब्ध असावीत. ग्रामसभेत यादीचे जाहीर वाचन होते, तेव्हा घराघराची स्थिती ठाऊक असलेले गावकरीच चूक दाखवून देऊ शकतात. चौथे, शिक्षकांनी विद्यार्थ्यांना यंत्राचे उत्तर पडताळून पाहण्याची आणि स्वतःच्या शब्दांत युक्तिवाद मांडण्याची सवय लावावी.

यंत्रे पुढे किती सामर्थ्यवान होतील, हे आजच सांगणे कठीण आहे. परंतु एखाद्या विधवेचा अर्ज नामंजूर का झाला, हे तिला समोर बसवून सांगण्याचे आणि चूक असल्यास ती दुरुस्त करण्याचे कर्तव्य आज ज्यांच्याकडे आहे, त्यांनी ते आपल्याकडेच ठेवले पाहिजे. हे कर्तव्य जेथे सोडून दिले जाईल, तेथे माणसाची जागा यंत्राने घेतली असे म्हणावे लागेल.